मल्लिनाथ सर आणि मुरुमची प्रायमरी

सर,

तुमच्या निधनाची बातमी मीच लिहिली. एक कॉलम, नऊ ओळी. वय, गाव, शाळा, मागे कोण कोण आहे, अंत्यविधी कधी. ते छापून आलं आहे, इथे पुन्हा देत नाही. पान लावताना जागा कमी पडली आणि एक ओळ काढावी लागली. तुम्ही असता तर दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला असता, "काय कात्रीवाले, मेलेल्या माणसाला बी कापलं व्हय?"

हे नाव तुम्ही मला ठेवलंत. मी धाराशिवच्या एका दैनिकात रविवारची पुरवणी पाहतो. परदेशातल्या राजकारणावरचा तुमचा लेख त्या पुरवणीत बारा वर्षं आला. जागा सहाशे शब्दांची होती आणि तुम्ही नऊशेच्या खाली कधी आला नाहीत. फुलस्केपच्या दोन्ही बाजूंनी निळ्या शाईत लिहिलेला कागद दर गुरुवारी मुरुमहून एसटीने यायचा, कंडक्टरच्या खिशात घडी घालून. मी स्टँडवर जाऊन तो घ्यायचो, ऑफिसात येऊन तीनशे शब्द काढायचो. रविवारी तुम्ही भांडायचात. पुढच्या गुरुवारी पुन्हा नऊशे शब्द यायचे.

जगातल्या कुठल्याही देशावर तुम्ही लिहायचात, पण जीव होता तो अमेरिकेच्या निवडणुकांवर. अध्यक्षपदाच्या निवडणुकीवर सगळेच लिहितात. तुम्हाला ओढ होती ती मधल्या निवडणुकीची, अध्यक्ष अर्ध्या वाटेवर असताना जी होते तिची. अध्यक्ष स्वतः मतपत्रिकेवर नसतो, तरी लोक त्याच्यावरचा राग किंवा लोभ स्थानिक उमेदवारावर काढतात. सत्तेतल्या पक्षाच्या जागा बहुधा कमी होतात. हे सगळं तुम्ही मला पहिल्या भेटीत समजावलंत, मुरुमच्या बाजारात, महादप्पांच्या आडत दुकानात गादीवर बसून. रोज सकाळी तिथे बसून तुम्ही आलेल्या-गेलेल्यांना पेपर मोठ्याने वाचून दाखवायचात. समोर तुरीची पोती होती. हमाल, शेतकरी, दोन व्यापारी ऐकत होते. तुम्ही प्रायमरीवर आलात.

"म्हंजे पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवायला आधी पक्षाच्याच लोकांचं मतदान. त्यात जो निघंल तो उभा राहणार."

महादप्पा तुमचे विद्यार्थी, पण आता त्यांचेही केस पांढरे झालेले. ते म्हणाले, "सर, रिटायर झालात तरी तुमची प्रायमरी सुटंना."

"अरे, मी हायस्कूलचा. आन तुला हायस्कूलमधी कुणी पास केलंय, ते ध्यानात ठिव."

"बरं, ऱ्हायलं. पर मग तिकीट वाटायला मुंबईहून कोण येत न्हाय?"

"न्हाय."

"मग पाया कुणाच्या पडायचं?"

"मतदाराच्या."

महादप्पांनी थोडा विचार केला. "लई जणांच्या पडावं लागंल की मग."

सगळे हसले. तुम्ही सगळ्यांत मोठ्याने. त्या हसण्यातच तुमचा मुद्दा होता आणि माझा विरोधही तिथूनच सुरू झाला.

आपला वाद दहा-बारा वर्षं चालला आणि आता तो संपायचा नाही, म्हणून एकदा नीट नोंदवतो. मी म्हणायचो, उमेदवार हा जिंकण्यासाठी असतो. पक्षाच्या कार्यकर्त्याला जो आवडतो तो गावाला आवडेलच असं नाही. प्रायमरीत मत द्यायला थोडे लोक येतात, आणि जे येतात ते सगळ्यांत तापलेले असतात. त्यांनी निवडलेला माणूस नोव्हेंबरातल्या खऱ्या लढतीत पडतो. म्हणून कोण निवडून येईल ते पक्षाच्या जाणत्यांनी ठरवावं. तुम्ही म्हणायचात, जाणते कोण, हे कोण ठरवतं?

यंदाच्या निवडणुकीने तुम्हाला आणि मला भरपूर दारूगोळा दिला. विरोधी पक्षाला सत्ताधाऱ्यांवरच्या नाराजीचा वास लागलेला. जिंकायची शक्यता दिसली की भांडणं उमेदवारीवर येतात, हे इथे सांगायची गरज नाही. एका बाजूला अनुभवी, मवाळ, काठावरच्या मतदाराला न घाबरवणारे. दुसऱ्या बाजूला तरुण, चिडलेले, कार्यकर्त्यांचे लाडके. राजधानीतले नेते पहिल्यांच्या मागे उभे आणि गावोगावचे लोक विचारतायत, तुम्ही कोण सांगणारे? सत्ताधारी पक्षाचं दुखणं वेगळं. तिथे अध्यक्षाचा हात डोक्यावर असल्याशिवाय प्रायमरी जिंकता येत नाही, आणि तोच हात नोव्हेंबरात जड होऊ शकतो. त्यात काही राज्यांनी मतदारसंघांच्या सीमा मध्येच नव्याने आखल्या, म्हणजे कित्येक जागी खरी लढत प्रायमरीतच होणार, पुढची नावापुरती. तुम्ही यावर तीन लेख लिहिलेत. मी तिन्ही कापले.

हे सगळं तिथलं. पण गेल्या हिवाळ्यात नगरपालिकेची निवडणूक लागली आणि तुम्ही ते मुरुममध्ये आणलंत.

तुमच्या प्रभागात महिला राखीव जागा होती. ज्या पक्षाचा तिथे जोर, त्याच्याकडे दोघींनी उमेदवारी मागितलेली. एक सुनंदा. घरी शिवणकाम करायची आणि गल्लीत नळाची लाइन यावी म्हणून दोन वर्षं पालिकेच्या पायऱ्या झिजवून ती तिने आणलेली. दुसरी विजयालक्ष्मी, मोठ्या व्यापारी घरातली सून. शिकलेली, शांत, सगळ्या समाजांत उठबस असलेली. पहिली कार्यकर्त्यांची, दुसरी काठावरच्या मतदाराची. तुम्ही मला फोनवर म्हणालात, "कात्रीवाले, तुमचा-माझा वाद साडी नेसून आलाय बघा दारात."

तालुकाध्यक्षांना दोन्हीकडून ताण होता. एकीला दिलं की दुसरी नाराज. तुम्ही त्यांना सुचवलंत की प्रभागातल्या नोंदलेल्या सभासदांचं मतदान घ्या, जी निघेल तिला एबी फॉर्म द्या. एबी फॉर्म म्हणजे हाच आमचा अधिकृत उमेदवार असं पक्षाने निवडणूक अधिकाऱ्याला लिहून दिलेला कागद. इथलं सगळं राजकारण त्या कागदाभोवती फिरतं आणि तो शेवटच्या दिवसापर्यंत कुणाच्या तरी खिशात असतो. तालुकाध्यक्ष लगेच तयार झाले. लोकशाहीच्या प्रेमाने नव्हे. दोष आपल्या अंगावर येणार नाही म्हणून. तुम्हाला ते कळत होतं. "कारण कसलं का असंना," तुम्ही म्हणालात, "पेटी तर ठेवतायत."

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसाच्या आठ दिवस आधी, रविवारी, व्यापाऱ्यांच्या हॉलमध्ये मतदान झालं. पेटी म्हणून तुपाचा रिकामा डबा, झाकणाला चीर पाडलेला. प्रत्येकाला कोरी चिठ्ठी. पडद्यामागे जायचं, हवं ते नाव लिहायचं, घडी करून डब्यात टाकायची. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी घरच्यांकडून लिहून घेतलं. मोजणी कुणी करायची यावर क्षणभरही चर्चा झाली नाही. सगळ्यांचा विश्वास असलेला एकच माणूस होता. तुम्ही.

अमेरिकेत छापील नावापुढचा गोल काळा करतात. तुम्हाला ते माहीत होतं, तुम्ही त्यावर लिहिलंही होतं. तरी ही चूक झाली आणि ती मुरुममध्येच होऊ शकत होती. तेहेतीस वर्षं ज्यांच्या वह्या तपासल्या, त्यांच्याच हातच्या चिठ्ठ्या तुम्ही एकेक करून उघडल्यात.

संध्याकाळी तुमचा फोन आला. आवाज वीस वर्षांनी तरुण झालेला.

"झाली बरं का आमची प्रायमरी. सुनंदा निघाली. एकोणतीस विरुद्ध चोवीस."

"अभिनंदन, सर."

"आन एक गंमत सांगू? चिठ्ठी उघडली की नाव वाचायच्या आधी माणूसच दिसायचा हो. समदी अक्षरं वळखीची. काहींचे अजून तेच कोंबडीचे पाय. इतकं गिरवून घेतलं, काय उपेग न्हाय."

तुम्ही हसलात, मीही हसलो. मग मी बातमी लिहायला बसलो. बातमी चांगली होती. जिल्ह्यात पहिल्यांदाच असं काही घडलं होतं. तिच्या चौथ्या परिच्छेदात मी लिहिलं: 'चिठ्ठ्या हस्तलिखित असल्याने आणि मतमोजणी करणाऱ्या शिक्षकांनी प्रभागातील बहुतेकांना शिकविलेले असल्याने कोणी कोणाला मत दिले हे त्यांना ओळखता आले.' वाक्य अचूक होतं. त्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता. बारा वर्षं मी तुमचा इतका मजकूर कापला, ते वाक्य तरी कापायला हवं होतं.

सोमवारी सकाळी साडेआठपासून तुमच्या घरी लोक यायला लागले. हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत, महादप्पांकडून कळलं. काही जण शपथ घ्यायला आले की जिला शब्द दिला होता तिलाच मी मत दिलं. काही जण विनवायला आले, सर, कुणाला सांगू नका. विजयालक्ष्मीच्या सासऱ्यांना घरातल्या कुणी दगा दिला ते हवं होतं. सुनंदाचा दीर येऊन नुसताच बसून राहिला, चहा घेतला आणि गेला. मंगळवारी तालुकाध्यक्ष आले. "सर, यादी करून द्या. कोण कुठं हाय ते कळलं म्हंजे मला पुढं बरं पडंल." तुम्ही नाही म्हणालात. त्यावर ते म्हणाले, "मग मतदान गुप्त कुठं राहिलं? पेपरातच आलंय. हे असलं मतदान धरता येत न्हाय."

बुधवारी तुमचा फोन आला. हा फोन मला शब्दन्‌शब्द आठवतो.

"कात्रीवाले, दोन ओळींचा खुलासा छापा. मोजणी करणाऱ्याची नजर अधू हाय, त्यांना अक्षर वळखू आलेलं न्हाय. बास."

"सर, ओळखू आलं असं तुम्हीच मला सांगितलंत."

"तुमाला सांगितलं. पेपरला न्हाय."

"तुम्ही तसं म्हणाला नव्हतात."

"म्हणायला पाहिजे होतं व्हय?"

मी टेबलावरचा सोमवारचा अंक पुढे ओढला.

"बघा," तुम्ही म्हणालात, "त्रेपन्न माणसं हायती. जन्मभर एकमेकांच्या दारावरनं जायाचंय त्यांना. आन त्या पोरीनं जिंकलंय. पाच दिवसांत अर्ज भरायचाय. दोन ओळींनी तिचं तिकीट वाचतंय."

"खोटा खुलासा छापता येत नाही, सर."

"खोटं हाय हे कुणाला कळणार?"

"मला कळेल."

मग तुमच्या घरच्या कानडीत, जी तुम्ही माझ्याशी कधी बोलत नव्हतात, म्हणालात, "होगली बिड्री." जाऊ द्या. आणि फोन ठेवलात.

शेवटच्या दिवशी दुपारी एबी फॉर्म विजयालक्ष्मीच्या नावाने गेला. सुनंदाने अपक्ष अर्ज भरला नाही. विजयालक्ष्मी निवडून आली आणि तिचं काम वाईट नाही, हेही लिहिलं पाहिजे. निकालाच्या दिवशी मी तुम्हाला फोन केला. खरं तर करायला नको होता. मी म्हणालो, "सर, जिंकणारा उमेदवार दिला की असं होतं." तुम्ही म्हणालात, "निवडून आली, ग्वाड झालं. पर तिला निवडलं कुणी, ते तुमच्या बातमीत आलं न्हाय."

जो खुलासा मी छापला नाही तो तुम्ही स्वतः जगायला लागलात. त्या बुधवारनंतर तुम्ही महादप्पांच्या दुकानात पेपर हातात घेतला नाहीत. डोळ्याला दिसेना, असं सांगितलंत. ज्या माणसाचा दिवस वाचण्याने उघडायचा, त्याने चारचौघांत वाचणं सोडलं. फेब्रुवारीत मी उमरग्याला एका कामासाठी आलो होतो, तिथून तुमच्याकडे आलो. तुम्ही गादीवर भिंतीला टेकून बसला होतात आणि महादप्पा अडखळत पेपर वाचत होते.

"अमेरिकेतील... प्र... प्रतिनिधी गृहाच्या... निवडणुकीसाठी..."

"सावकाश वाच," तुम्ही म्हणालात.

"ह्या नावाचं काय करू, सर? तोंडातच बसंना."

"सोड ते. पुढं."

महादप्पांनी एक ओळ गाळली आणि खालच्या ओळीवर गेले. तुम्ही पटकन म्हणालात, "मधली ऱ्हायली की."

पेपर तुमच्यापासून दोन हातांवर होता. मग हमालांपैकी एकाने चहाचा कप तोंडाला लावला, दुसरा बाहेर थुंकायला गेला. महादप्पांनी मान खाली घालून मधली ओळ वाचली. मी पाहिलं, नोंद घेतली आणि त्यातून कुठलाही निष्कर्ष काढला नाही. नोकरीची सवय.

लेख मात्र तुम्ही थांबवला नाहीत, याचं मला तेव्हा फार आश्चर्य वाटलं. फक्त एसटीने कागद यायचा बंद झाला. लिहिता येत नाही म्हणालात. दर गुरुवारी सकाळी दहा वाजता तुम्ही फोनवर लेख सांगायचात आणि मी टाइप करायचो. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. मला खरं माहीत आहे, हे तुम्हाला माहीत होतं. तरी माझ्यापुढेही तुम्ही तेच धरून ठेवलंत. परिच्छेद संपला की पलीकडून पान उलटल्याचा आवाज यायचा. मी कधी त्याबद्दल बोललो नाही. तुम्ही कधी पान हळू उलटलं नाहीत.

त्या गुरुवारांबद्दल मी तुमचा ऋणी आहे. इतकी वर्षं तुमचा मजकूर माझ्यासाठी शब्दांची संख्या होता. आता तो आवाज झाला. तुम्ही कुठे थांबता, कुठल्या शब्दाआधी श्वास घेता, हे कळायला लागलं आणि कापणं अवघड झालं. शेवटचे सहा लेख मी जवळपास पूर्ण छापले, त्यासाठी एक जाहिरात दुसऱ्या पानावर सरकवली. तुम्ही त्यावर एवढंच म्हणालात, "काय हो, कात्री हरवली का?"

आणि त्या लेखांत तुम्ही प्रामाणिक होतात. मुरुमच्या अनुभवानंतर माणूस एक तर मत बदलतो किंवा आणखी हट्टाला पेटतो. तुम्ही दोन्ही केलं नाहीत. प्रायमरीत थोडेच लोक मत देतात, हे तुम्ही मान्य केलंत. कधी कधी एक पक्ष दुसऱ्याच्या प्रायमरीत लुडबूड करतो, सगळ्यांत पडेल असा उमेदवार पुढे यावा म्हणून त्याची हवा करतो, हेही लिहिलंत. राजधानीतल्यांनी निवडलेला प्रत्येक जण प्यादं नसतो, हे एका वाक्यात का होईना, आलं. मी टाइप करता करता म्हणालो, "सर, हा तर माझा मुद्दा." तुम्ही म्हणालात, "तुमचाच हाय. म्हणून एकच वाक्य दिलंय."

शेवटच्या गुरुवारी तुम्ही एका राज्यातल्या विरोधी पक्षाच्या प्रायमरीबद्दल सांगत होतात. नेत्यांनी एका वयस्क, अनुभवी बाईंना उतरवलेलं, कार्यकर्ते एका नवख्याच्या मागे. मतदान व्हायचं होतं. तुम्ही सांगितलंत: 'हरणाऱ्याने निकालानंतर विजेत्याच्या सभेला जावे, हा तिथला रिवाज आहे. तो पाळला जातो तोवर पक्ष टिकतो. रिवाज मोडतो तेव्हा...' इथे तुम्ही थांबलात. मी वाट पाहिली.

"दम लागतोय जरा. उरलेलं फुडच्या गुरुवारी सांगतो."

"जागा ठेवतो, सर."

"जागा हाय व्हय? मग लांबवतो."

पुढचा गुरुवार आला नाही. तुम्ही सोमवारी गेलात.

त्या सहा महिन्यांत निदान पंचवीस गुरुवार होते. त्यातल्या कुठल्याही एका गुरुवारी मी म्हणू शकलो असतो की सर, माझं चुकलं. मी ते म्हणालो नाही, कारण माझं नेमकं काय चुकलं हे मला सांगता येत नव्हतं. बातमी खरी होती. खुलासा खोटा होता. दोन्ही वेळा मी नियमाने वागलो. तरी तुमचा आवाज ऐकला की मी ते सोडून विचारायचो, "सर, स्वल्पविराम इथे का पुढे?"

मंगळवारी मी मुरुमला आलो. लिंगायत रिवाजाप्रमाणे तुम्हाला बसवलं होतं. कपाळभर विभूती, मांडीवर बेलाची पानं. डोळ्यांवर चष्मा नव्हता. लोक येत होते, पायाशी वाकत होते. त्यात ते त्रेपन्न होते, सगळे नसतील पण बरेच. तालुकाध्यक्ष होते. विजयालक्ष्मी होती, सासऱ्यांच्या मागे डोक्यावर पदर घेऊन. रुद्रभूमीत मूठमाती देताना मी मागेच उभा राहिलो. तुमच्या विद्यार्थ्यांची रांग लांब होती आणि मी तुमचा विद्यार्थी नव्हतो.

परतताना उमरग्याच्या जीपची वाट पाहत थांबलो होतो तर सुनंदा आली. तिला मी फोटोवरून ओळखत होतो, बोलणं कधी झालेलं नव्हतं.

"तुमी पेपरवाले न्हवं का? सर ज्यांना कात्रीवाले म्हणायचे?"

"हो."

मला वाटलं, आता ही तिकिटाचं काढणार. मी उत्तर तयार ठेवलं आणि ते तिने विचारायच्या आधीच देऊन टाकलं. म्हणालो, "सरांनी खुलासा छापायला सांगितला होता. मी छापला नाही. सरांना दिसत होतं, मग दिसत नाही असं कसं लिहायचं?"

तिने माझ्याकडे नवलाने पाहिलं. "सरांना दिसत हुतं, ते काय कुणाला ठावं न्हाय व्हय? समद्या मुरुमाला ठावं हुतं."

"मग खुलासा छापून काय झालं असतं?"

"आवो, कुणाला खरं वाटावं म्हणून मागितला न्हवता त्यांनी. सर म्हणत्यात दिसत न्हाय, म्हंजे विषय मिटला. फुडं कुणी कुणाला इचारायचं न्हाय. तेवढ्यापायी पायजे हुता." मग जरा थांबून म्हणाली, "महादप्पा काका सा महिनं पेपर वाचून दावत हुते. त्यांना काय वाचायची हौस हाय?"

जीप आली, भरली आणि गेली. मी बसलो नाही. तीही उभी राहिली.

"तुम्हाला राग नाही आला?" मी विचारलं. "तिकीट गेलं."

"आला की. तुमचा लई आला. सरांचा न्हाय." ती रस्त्याकडे बघत होती. "सरांसमोर जायाला मला तोंड न्हवतं. त्येचं कारण निराळं हाय."

मी वाट पाहिली. आमच्या धंद्यात हे शिकवतात, गप्प राहिलं की समोरचा बोलतो. पण त्या दिवशी मी ते ठरवून केलं नाही.

"चिठ्ठी हातात घेतली," ती म्हणाली, "आन सोताचं नाव सोता लिवायचं, तर हात उचलंना. लाज वाटली. जणू आपणच आपल्याला हार घालतोय. म्हणून तिचं लिवलं. विजयालक्ष्मीचं."

मी तिच्याकडे वळून पाहिलं.

"सरांनी माजं अक्षर वळखलं आसंलच. दहावीपतोर त्यांनीच लिवायला लावलं. तालुकाध्यक्षाला हे नुसतं कळलं आसतं तर त्यो म्हणला आसता, बाई सोताच म्हणती दुसरी चांगली हाय. गाव हसलं आसतं. सर मला कदी बोलले न्हाईत. रस्त्यात गाठ पडली की इचारायचे, मिशीन बरी चालती का? बास तेवढंच." तिने पदराने तोंड पुसलं. "आन तिनं कुणाचं लिवलं आसंल, सांगा? ती बी बाईच की. आता कोण सांगणार?"

तेव्हा मला कळलं की त्या बुधवारी तुम्ही फोनवर काय सांभाळत होतात. ते तुम्ही मला सांगितलं असतं तर मी खुलासा छापला असता का? प्रामाणिकपणे सांगतो, मला माहीत नाही. कदाचित मी तेही छापलं असतं. बातमी त्याहून चांगली झाली असती. म्हणूनच तुम्ही सांगितलं नाहीत.

नोव्हेंबरात तिकडचे निकाल येतील. कुठल्या पक्षाने उमेदवार नीट निवडले, कुणाचा मवाळ चालला आणि कुणाचा लाडका पडला, यावर सगळे लिहितील. मी ते लेख तपासेन आणि कापेन. तिथल्या प्रायमरीत मत देताना कुणाचा हात का उचलेना, हे त्यात कुणी लिहिणार नाही. तुमच्या अर्ध्या राहिलेल्या वाक्याचं पुढे काय होतं, तेही मला लिहिता यायचं नाही.

दुसरी जीप येताना दिसली तेव्हा मी सुनंदाला विचारलं, "हे लिहू का?" बावीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मी बोललेल्या माणसाला कधी विचारला नव्हता. छापायचं नसेल तर समोरचा सांगतो, असं आम्ही धरून चालतो.

जीपवाला हॉर्न वाजवत होता.

"लिव्हा," ती म्हणाली. "पर सरांना बराबर दिसत हुतं, ते बी लिव्हा. आंधळे म्हणून नगं जायाला."

सर, तिची परवानगी घेतली आहे. तुमची घ्यायची राहिली.